समुद्राकडच्या बागेतील प्रस्तावित क्लब हाउसबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था, वर्सोवा, मुंबई.

विषय : विशेष सर्वसाधारण सभेच्या सूचनापत्रातील विषय क्र. 4 – मागील बागेत क्लब हाउस बांधणे – मागे घेण्याबाबत.

महोदय,

आपण पाठवलेले सूचनापत्र गेल्या आठवड्यात मिळाले. इमारतीच्या मागे, समुद्राकडच्या बागेत सुमारे 1,150 चौरस फुटांचे क्लब हाउस बांधावे, त्याला लोखंडी खांब, वर पत्रा आणि समुद्राच्या बाजूला काचेची भिंत असावी, त्यासाठी दुरुस्ती निधीतून 18 लाख 50 हजार रुपये खर्च करावेत आणि ठेकेदाराला 40 टक्के रक्कम आगाऊ द्यावी, असा हा विषय आहे. टिपणाच्या शेवटी एक ओळ आहे : ‘आवश्यक त्या परवानग्या ठेकेदार घेईल.’ माझे हे पत्र मुख्यतः त्या एका ओळीबद्दल आहे.

क्लब हाउसला माझा तत्त्वतः विरोध नाही, हे आधीच सांगतो. माझ्या नातीचा वाढदिवस आम्ही मागच्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये दोन गाड्या बाहेर काढून साजरा केला, त्यामुळे जागेची अडचण मलाही कळते. परंतु निवृत्त होईपर्यंत मी एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात महापालिकेला सादर करायचे नकाशे काढत होतो, आणि किनाऱ्यालगतच्या जागेवर कोणती परवानगी कोण देतो, याची मला थोडीफार माहिती आहे. ती सभेपूर्वी समितीपुढे ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो.

किनाऱ्यापासून 500 मीटर जागा मोकळी ठेवावी, असे पत्र इंदिरा गांधींनी नोव्हेंबर 1981 मध्ये किनारपट्टीच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिले होते. त्यातून पुढे पर्यावरण (संरक्षण) कायदा, 1986 खाली 19 फेब्रुवारी 1991 रोजी सागरी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे आपण सगळे ज्याला सीआरझेड म्हणतो त्याची, पहिली अधिसूचना निघाली. 2011 मध्ये तिच्या जागी दुसरी आली, आणि सध्या 18 जानेवारी 2019 ची तिसरी लागू आहे. प्रत्येक वेळी बरेच काही सैल झाले, पण मुंबईसारख्या आधीच वसलेल्या, म्हणजे सीआरझेड-दोन मधल्या, भागासाठीची मुख्य अट 1991 पासून आजपर्यंत टिकून आहे. नवी इमारत अस्तित्वातील रस्त्याच्या किंवा अस्तित्वातील अधिकृत स्थायी बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूलाच बांधता येते, समुद्राकडच्या बाजूला बांधता येत नाही. आपल्या बाबतीत ते अधिकृत बांधकाम म्हणजे आपली इमारतच आहे. तिच्या मागच्या भिंतीपासून किनाऱ्याला समांतर एक काल्पनिक रेषा ओढली, तर प्रस्तावित क्लब हाउस पूर्णपणे त्या रेषेच्या पलीकडे, म्हणजे समुद्राकडे, जाते.

आपल्यापैकी काहींचे म्हणणे असे आहे की बागेच्या टोकाला संरक्षक भिंत आहे, तीच ‘अस्तित्वातील बांधकाम’ समजावी, म्हणजे क्लब हाउस तिच्या जमिनीकडच्या बाजूला येईल. हा मुद्दा चांगला सुचलेला आहे, पण तो टिकणारा नाही. संस्थेच्या कार्यालयातील लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात, 1984 सालच्या मंजूर नकाशाची प्रत आहे. ती मी गेल्या रविवारी सचिवांच्या समक्ष उघडून पाहिली. कागद घड्यांवर फाटला आहे, निळी शाई फिकी झाली आहे, तरी रेघा स्पष्ट दिसतात. इमारतीच्या मागे मोकळी जागा दाखवली आहे आणि तिच्यापुढे फक्त भूखंडाची हद्द, भिंत कुठेही नाही. ती भिंत आपण 1996 मध्ये दोन पावसाळ्यांत बागेची माती वाहून गेल्यावर वर्गणी काढून बांधली. तिची परवानगी घेतल्याचा एकही कागद मला फायलीत सापडला नाही. तेव्हाच्या समितीला मी दोष देत नाही, कारण मीही त्या समितीत होतो. पण जी भिंत स्वतः मंजूर नकाशात नाही, तिच्या आधाराने दुसऱ्या बांधकामाची मंजुरी मागता येणार नाही.

याहून नाजूक प्रश्न भरतीरेषेचा आहे. उधाणाच्या भरतीचे पाणी जमिनीवर जिथपर्यंत पोहोचते ती भरतीरेषा, आणि ती कुठे आहे हे ठेकेदाराने किंवा आपण ठरवायचे नसते. केंद्र सरकारने नेमून दिलेल्या संस्था ती आखतात आणि 1:4000 प्रमाणाच्या नकाशावर दाखवतात. 19 फेब्रुवारी 1991 पूर्वी बांधलेला बंधारा किंवा खाडीची झडप असेल, तर भरतीरेषा तिथे थांबलेली मानण्याची सवलत आहे, पण 1996 च्या भिंतीला ती मिळणार नाही. समितीच्या सदस्यांना विनंती आहे की त्यांनी एकदा भिंतीच्या आतल्या बाजूने, नळाच्या कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन पाहावे. जमिनीपासून वीतभर उंचीवर शेवाळाची काळपट हिरवी रेघ आहे, तिच्यावर मीठ फुलून प्लॅस्टर पापुद्र्यांसारखे सुटले आहे, आणि कोपऱ्यातल्या पर्जन्यजलाच्या चेंबरचे झाकण आपण तारेने बांधून ठेवले आहे, कारण गेल्या जुलैमध्ये भरतीच्या वेळी पाणी त्यातून उलटे वर आले आणि माळ्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या तरंगत झोपाळ्यापर्यंत गेल्या. महापालिका दर पावसाळ्यापूर्वी साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या दिवसांची यादी प्रसिद्ध करते, आणि त्यांपैकी बऱ्याच दिवशी आपली बाग ओली होते हे तळमजल्यावरच्या प्रत्येक कुटुंबाला माहीत आहे.

मोजणीत भरतीरेषा भिंतीच्या आत आली, तर तेवढा तुकडा सीआरझेड-दोन मध्ये राहत नाही. भरती आणि ओहोटीच्या रेषांमधली जागा सीआरझेड-एक मध्ये मोडते, तिथल्या प्रस्तावांचा निर्णय दिल्लीत केंद्रीय मंत्रालयात होतो, आणि खासगी क्लब हाउस हे तिथे अनुज्ञेय कामच नाही. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे भरतीच्या खुणेखालचा समुद्राचा तळ राज्य शासनाच्या मालकीचा आहे. म्हणजे जी जागा आपण इतकी वर्षे आपली बाग म्हणतो, तिच्या शेवटच्या काही फुटांवर आपली मालकी आहे का, हाच प्रश्न आपण स्वतःहून उघडा करून ठेवू.

ठेकेदाराने समितीपुढे मांडलेले तीन मुद्दे मला सचिवांकडून समजले. पहिला असा की पत्र्याची शेड तात्पुरती असल्याने विभाग कार्यालयाची पावसाळी शेडची परवानगी पुरेल. पावसाळी शेड पावसाळा संपल्यावर उतरवायची असते, तिला काँक्रीटचा पाया, काचेची भिंत आणि वातानुकूलन यंत्र नसते. दुसरा मुद्दा असा की 300 चौरस मीटरपर्यंतच्या बांधकामाला किनाऱ्यावरील प्रस्ताव तपासणाऱ्या राज्याच्या किनारा प्राधिकरणाकडे जावे लागत नाही. ही सवलत 2019 च्या अधिसूचनेत आहे हे खरे, पण ती स्वतःच्या राहत्या घरासाठी आहे, आणि तिनेही समुद्राकडच्या बाजूची अट उठत नाही. तिसरा मुद्दा पर्यटनाच्या शॅकचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या झोपड्यांचा. ती सोय सार्वजनिक किनाऱ्यावरील पर्यटनासाठी आहे, मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यातील पर्यटन योजनेत नोंद असेल तरच मिळते, आणि तिथेही भरतीरेषेपासून किमान 10 मीटर अंतर ठेवावे लागते. आपली बाग मोजली तर भिंतीपासून झोपाळ्यापर्यंतचे अंतरच जेमतेम तेवढे भरेल.

खरी वाट अशी आहे की प्रस्ताव महापालिकेमार्फत राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो, तिथे छाननी होते, आणि त्याच्या शिफारशीनंतरच महापालिका बांधकामाची परवानगी देऊ शकते. यांतले एक पत्र हातात आहे म्हणून दुसरे लागत नाही, असे कधीच नसते. या समजुतीची किंमत इतरांनी कशी मोजली, याची दोन उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत. कुलाब्यातील आदर्श सोसायटीच्या 31 मजली इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जाण्याची परवानगी, मिळालेले होते. सीआरझेडची मंजुरी नसल्याच्या कारणावरून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी 2011 मध्ये ती पाडण्याचा आदेश काढला, एप्रिल 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही पाडण्याचा आदेश दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे उभी राहिलेली इमारत लष्कराच्या ताब्यात गेली. त्या प्रकरणात आणखीही बरेच काही होते आणि आपली तुलना त्याच्याशी नाही.

कोचीजवळच्या मरडूचे उदाहरण मला जास्त जवळचे वाटते, कारण तिथे राहणारी माणसे आपल्यासारखीच होती. स्थानिक पंचायतीने 2006 मध्ये बांधकाम परवाने दिले, इमारती झाल्या, लोकांनी कर्जे काढून घरे घेतली, कराच्या पावत्या फाडल्या. केरळच्या किनारा प्राधिकरणाची मंजुरी मात्र कुणी घेतली नव्हती. 8 मे 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला, आणि 11 व 12 जानेवारी 2020 या दोन दिवसांत चारही संकुले सुरुंग लावून जमीनदोस्त झाली. न्यायालयाने प्रत्येक सदनिकाधारकाला 25 लाख रुपयांची अंतरिम भरपाई देण्यास सांगितले. तरी ज्याने परवाना दिला त्याला तो देण्याचा अधिकार होता का, हा प्रश्न रहिवाशांनी स्वतः आधी विचारला नव्हता, आणि विचारायला हवा होता हे त्यांना घरे रिकामी करताना कळले.

‘सरकार स्वतः समुद्रात भराव घालते, मग आपल्या एका शेडने काय होते?’ असे मागच्या बैठकीत एका सन्माननीय सदस्यांनी विचारले. महापालिकेच्या सागरी किनारा मार्गाचेच उदाहरण घ्यायचे तर भराव टाकून रस्ता करण्यासाठी केंद्र सरकारला डिसेंबर 2015 मध्ये आधी अधिसूचनेतच दुरुस्ती करावी लागली. तरीही जुलै 2019 मध्ये उच्च न्यायालयाने त्या प्रकल्पाची सीआरझेड मंजुरी रद्द केली, आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती देईपर्यंत काम थांबून राहिले. तो मार्ग व्हायला हवा होता की नाही, यावर माझे मत वेगळे आहे आणि ते इथे अप्रस्तुत आहे. मुद्दा इतकाच की महापालिकेसारख्या बलाढ्य संस्थेलाही कागद पुरे करण्यावाचून सुटका नव्हती.

नियम मोडल्यास काय होईल तेही समितीने नोंदवून ठेवावे. पर्यावरण कायद्याच्या कलम 5 खाली बांधकाम बंद करण्याचे, तसेच वीज व पाणी तोडण्याचे आदेश देता येतात. 2023 च्या दुरुस्तीनंतर कलम 15 खालचा दंड 10 हजार रुपयांपासून 15 लाख रुपयांपर्यंत आहे. पण माझ्या दृष्टीने सर्वात मोठे नुकसान दंडाचे नाही. आपल्या इमारतीचे वय चाळिशीच्या पुढे गेले आहे, पुनर्विकासाची चर्चा दरवर्षी होते. 1991 च्या अधिसूचनेने गोठवलेल्या जुन्या चटईक्षेत्र निर्देशांकामुळे (भूखंडावर किती बांधकाम करता येते त्याचे प्रमाण) ती आपल्याकडे कधी पुढे सरकली नाही. 2019 च्या अधिसूचनेने ती गाठ सैल केली आणि 2021 मध्ये मुंबईचा नवा किनारा आराखडा मंजूर झाल्यावर तिचा लाभ प्रत्यक्ष मिळू लागला. आता कुठे आपल्यासारख्या इमारतींना दारे उघडली आहेत. उद्या आपला पुनर्विकासाचा प्रस्ताव त्याच प्राधिकरणापुढे जाईल, तेव्हा ते मंजूर नकाशा आणि जागेवरची स्थिती ताडून पाहतील. त्या वेळी मागे एक अनधिकृत क्लब हाउस उभे असेल, तर बत्तीस कुटुंबांची घरे त्याच्या खुलाशात अडकतील.

म्हणून माझी विनंती अशी आहे की विषय क्र. 4 या सभेपुढून मागे घ्यावा आणि ठेकेदाराला कोणतीही आगाऊ रक्कम किंवा कार्यादेश देऊ नये. त्याऐवजी आपल्या भूखंडाचा विकास आराखड्यातील अभिप्राय महापालिकेकडून मागवावा, मंजूर किनारा आराखड्याच्या नकाशावर आपली जागा कुठे येते ते परवानाधारक वास्तुविशारदाकडून लेखी घ्यावे, आणि ते दोन्ही कागद पुढच्या सभेत सर्वांसमोर ठेवावेत. हा खर्च 18 लाखांच्या मानाने किरकोळ आहे. बैठकीसाठी जागा हवीच असेल तर रस्त्याकडच्या बाजूची जुनी मीटर खोली रिकामी आहे. ती इमारतीच्या जमिनीकडे आहे, मंजूर नकाशात आहे, आणि तिच्या वापरातील बदलासाठी काय लागेल ते महापालिकेत विचारता येईल. संरक्षक भिंतीचे प्रकरण मात्र स्वतंत्रपणे आणि लवकर हाताळावे लागेल, कारण तिचा पाया उत्तरेकडच्या टोकाला उघडा पडला आहे. धूप रोखण्याच्या कामांना अधिसूचनेत जागा आहे, पण त्यालाही रीतसर मंजुरी लागतेच. त्या कामासाठी वर्गणी काढायची वेळ आली तर मी पहिला हप्ता देईन.

1984 च्या नकाशाच्या प्रतीवर मी भिंत, झोपाळा, चेंबर आणि प्रस्तावित क्लब हाउस लाल पेन्सिलीने दाखवले आहे. ती प्रत या पत्रासोबत जोडत आहे. हे पत्र सभेच्या इतिवृत्तात समाविष्ट करावे आणि त्यावरील समितीचा निर्णय मला लेखी कळवावा, ही नम्र विनंती.

आपला,
सभासद, सदनिका क्र. 304