देण्याचा आनंद फक्त असणाऱ्यांचाच?

महोदय,

रविवारच्या अंकातला ‘देण्यातला आनंद’ हा लेख वाचला. पत्र लिहायचे नाही असे काल ठरवले होते. आज सकाळी अंक रद्दीत टाकायला घेतला, लेखासोबतचा हात पसरलेल्या मुलीचा तो फोटो पुन्हा समोर आला आणि लिहायला बसले.

लेख मनापासून लिहिलेला आहे, त्याबद्दल शंका नाही. ख्रिस्ती विचाराला आपण अर्धे पान दिलेत याचा आनंदच झाला. पण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लेखात देणारा एकाच प्रकारचा आहे: ज्याच्याकडे भरपूर आहे तो. घेणाऱ्याला नाव नाही, आवाज नाही; त्याचा आहे तो फक्त फोटोतला पसरलेला हात. ‘देवाने ज्यांना भरभरून दिले त्यांनी हा आनंद चुकवू नये’ असे लेखक म्हणतात. मग ज्यांना भरभरून मिळाले नाही त्यांच्या वाट्याला हा आनंद नाहीच का?

हे वाक्य मला लागले, कारण ते मी लहानपणी प्रत्यक्ष ऐकले आहे. शब्द वेगळे होते, एवढेच.

मी अकरा वर्षांची असताना वडील अंथरुणाला खिळले. पुढची दोन वर्षे मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, मदतनिधीवर आमचे घर चालले. हे मी कधी लपवले नाही, आणि ज्यांनी मदत केली त्यांना विसरलेही नाही. त्या दोन वर्षांतही आई दर रविवारी अर्पणाच्या पिशवीत एक नाणे टाकत असे. शनिवारी रात्रीच ते बाजूला काढून रुमालाच्या टोकाला बांधून ठेवायची. घरात कशाचीही ओढाताण असली तरी त्या गाठीला हात लागत नसे. एका रविवारी उपासना संपल्यावर मदतनिधीचा हिशेब ठेवणारे गृहस्थ आमच्यापाशी आले आणि चारचौघांत म्हणाले, “ताई, तुम्ही कशाला टाकता? आम्हीच तुम्हाला द्यायचं आणि तुम्ही त्यातलंच परत करायचं, याला काय अर्थ आहे? राहू दे तुमच्याकडेच.”

त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. हे मी आज म्हणू शकते, तेव्हा म्हणू शकले नसते. आई “बरं” म्हणाली. पुढच्या रविवारी पिशवी आमच्या रांगेत आली तेव्हा तिने ती तशीच पुढे सरकवली. नाणे रुमालातच होते. मी तिच्याकडे बघत होते आणि ती समोर बघत होती. वडिलांच्या आजारपणात, नातेवाईक येईनासे झाले तेव्हा, मदतीच्या यादीत आमचे नाव वाचले गेले तेव्हा, मी तिला खचलेली पाहिली नव्हती. त्या दिवशी पाहिली. घ्यावे लागण्याचे दुःख तिने पचवले होते. देणेही काढून घेतले तेव्हा तिच्याजवळ स्वतःचे म्हणावे असे काही उरले नाही.

लेखकांनी बायबलच्या नव्या करारातल्या, करिंथकरांस दुसऱ्या पत्रातले ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’ हे वचन चौकटीत दिले आहे. ते नवव्या अध्यायातले. त्यांनी एक अध्याय मागे जायला हवे होते. आठव्या अध्यायात हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीसमोर कोणाचा आदर्श ठेवतो? कोणा धनवंताचा नाही. शेजारच्या मासेदोनिया प्रांतातल्या मंडळ्यांचा, ज्या स्वतः संकटात आणि कमालीच्या दारिद्र्यात होत्या. यरुशलेममधल्या गरजू बांधवांसाठी वर्गणी चालली होती. पौल लिहितो की त्या मंडळ्यांनी ऐपतीबाहेर दिले, आणि या सेवेत आम्हालाही भाग द्या म्हणून त्यालाच गळ घातली. त्याने त्यांना ‘तुमच्याकडेच राहू दे’ म्हटले नाही, त्यांचे घेतले. आणि ज्या करिंथकरांनी आदल्या वर्षीच सुरुवात करूनही काम पुरे केले नव्हते, त्यांना तो या गरिबांचे उदाहरण देतो. संतोषाने देणाऱ्याचे वचन येते ते या गोष्टीच्या पाठोपाठ. एवढे गाळून फक्त वचन चौकटीत टाकले की ते श्रीमंतांसाठी लिहिल्यासारखे वाटू लागते.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातली विधवाही तशीच. दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकली तिने, जवळ होते ते सगळे. येशू मंदिराच्या दानभांडारासमोर बसून बघत होता. त्याने तिला अडवले नाही, शिष्यांना बोलावून तिचे देणे दाखवले. पण त्याच्या आधीच्याच वचनांत, विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांवर तो कडक शब्दांत बोलला आहे, हेही विसरता येत नाही. गरिबाकडून उकळणे हे पाप आहे. आमच्या हिशेबनीसांना कदाचित हीच भीती असेल. पण उकळणे वेगळे आणि कोणी आपण होऊन पुढे केलेला हात मागे लोटणे वेगळे. पहिल्यात त्याची मिळकत जाते, दुसऱ्यात त्याचा मान.

जुन्या करारातल्या नियमशास्त्राने तर हे फार पूर्वी ओळखले होते. लेवीय पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात दोषाबद्दलच्या अर्पणासाठी आधी मेंढी किंवा बकरी सांगितली आहे. ती परवडत नसेल त्याने दोन पारवे किंवा होले आणावेत, तेही जमत नसेल त्याने थोडे सपीठ आणावे. गरिबाला माफी दिलेली नाही, त्याच्यासाठी पायरी खाली आणली आहे. तोही वेदीपाशी रिकाम्या हाताने येऊ नये म्हणून. मरीया आणि योसेफ बाळ येशूला घेऊन मंदिरात गेले तेव्हा त्यांनी पक्ष्यांच्या जोडीचेच अर्पण केले, असे लूक आपल्या शुभवर्तमानात सांगतो. बाळंतिणीच्या शुद्धीकरणासाठी तीच गरिबाची पायरी होती. ज्याच्या नावाने आपण देण्यावर लेख लिहितो, त्याच्या आईबापांनी त्या पायरीवर उभे राहून दिले.

दुसऱ्या शतकातला अथेन्सचा ख्रिस्ती तत्त्वज्ञ अरिस्तायडिस रोमन सम्राटाला ख्रिस्ती लोकांची ओळख करून देताना लिहितो की, यांच्यात कोणी गरजू असेल आणि यांच्याजवळ जास्तीचे काही नसेल, तर हे दोन-तीन दिवस उपास करतात आणि ते अन्न त्या गरजूला देतात. देणारा आणि घेणारा असे दोन वर्ग तिथे दिसत नाहीत. आज ज्याने घेतले तोच उद्या उपाशी राहून देत असणार.

लेखात ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकातल्या २००८च्या संशोधनाचा उल्लेख आहे: दुसऱ्यासाठी पैसे खर्च करणारे स्वतःवर खर्च करणाऱ्यांपेक्षा अधिक आनंदी आढळले. बरोबर आहे. पण त्यातल्या प्रयोगात काहींना पाच डॉलर दिले होते आणि काहींना वीस, आणि रकमेने आनंदात फरक पडला नव्हता. माझ्या दृष्टीने त्यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची होती, आणि तीच लेखात नाही.

‘द्या म्हणजे तुम्हांला दिले जाईल’ हे वचनही लेखात आले आहे, आणि त्याखाली देणाऱ्याला अनेक पटींनी परत कसे मिळते याचे अनुभव. लूकच्या त्याच सहाव्या अध्यायात, तीनच वचने आधी, परत मिळण्याची आशा न धरता उसने द्या असे येशू म्हणतो. परताव्यासाठी केलेली ती गुंतवणूक. तिचाही आनंद असेल, पण त्याला येशूचे नाव देऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आईचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. तीन-चार रविवार गेले. मग एका रविवारी पिशवी यायच्या आधी तिने रुमालाची गाठ सोडली आणि नाणे माझ्या मुठीत दिले. कानात म्हणाली, “तू टाक. मुलांना कोणी अडवत नाही.” मी टाकले. तिने माझा हात हातात घेतला आणि उपासना संपेपर्यंत सोडला नाही. वडील गेल्यावर तिला काम मिळाले, मदतनिधीतून आमचे नाव कमी झाले आणि ती स्वतःच्या हाताने टाकू लागली. पण त्या सकाळी तिच्या चेहऱ्यावर जे दिसले ते मला पुन्हा कधी दिसले नाही. देण्याचा आनंद म्हणून मला कोणी काही विचारले तर मी तेवढेच सांगू शकते.

आणखी एक. लेखाच्या शेवटी ‘मला तुझ्या शांतीचे साधन कर’ ही जी प्रार्थना असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावावर छापली आहे, ती त्यांची नव्हे. ती पहिल्यांदा १९१२ साली पॅरिसच्या एका छोट्या फ्रेंच मासिकात लेखकाच्या नावाशिवाय छापून आली; फ्रान्सिस १२२६ साली वारले. प्रार्थना सुंदर आहे, मीही ती म्हणते. पण ज्याने ती लिहिली त्याने आपले नाव घातले नाही. देण्यावरच्या लेखात निदान त्याचे ते निनावी देणे तसेच राहू द्यायला हवे होते. यापूर्वी दोनदा आपल्या अंकात हीच चूक झाली आहे. एकदा मी कळवलेही होते; ते पत्र छापले नाही तरी दुरुस्ती यायला हवी होती.

लेखाचा दुसरा भाग येत्या रविवारी येणार असे आपण जाहीर केले आहे. कृपा करून त्यासोबत असा फोटो छापू नका. फोटोतली ती मुलगी नऊ-दहा वर्षांची असेल. तिचा चेहरा सरळ ओळखू येतो, तिला काही देणाऱ्याचा येत नाही. ती कोणाच्या तरी वर्गात बसत असेल आणि सोमवारी शाळेत गेली असेल. मंडळीच्या यादीत आमचे नाव वाचले गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मीही शाळेत गेले होते.

जागेअभावी माझे पत्र कापावे लागले तर शास्त्रवचने कापा, वाचकांना ती पवित्र शास्त्रात सापडतील. आईचे तेवढे राहू द्या.

आपली,
एक नियमित वाचक