आईला आमवात आहे म्हणून लेकीलाही होणारच असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझ्या धाकट्या बहिणीला बघायला आलेलं स्थळ मे महिन्यात परत गेलं, कारण काय तर आईची बोटं. आई कप दोन्ही तळव्यांत धरते, कपाचा कान बोटांनी पकडता येत नाही तिला, ते मुलाकडच्या बाईंनी बघितलं आणि दोन दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप, "आवशीक वात आसा, लेकीकय होतलोच."

हे खरं नाही म्हणून लिहितेय.

आईला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे आमवात आहे. यात जीन्सचा वाटा आहे हे कोणी नाकारत नाही. एचएलए-डीआरबी१ नावाचं जीन आहे, त्याच्या ठराविक प्रकारांत एक छोटा तुकडा सारखाच असतो आणि तो ज्यांच्यात असतो त्यांना आमवात जास्त होतो, हे १९८७ पासून माहीत आहे, नंतर अशा शंभरेक जागा सापडल्या. पण हुबेहूब जुळी घ्या, जीन्स सगळे सेम, तरी एकीला आमवात असेल तर दुसरीला होण्याचं प्रमाण शंभरात १२ ते १५ एवढंच निघालंय. मग लेकीला होणारच हे आलं कुठून? धोका इतरांपेक्षा जास्त, बस्स. आणि तोच तुकडा दोन्हीकडून म्हणजे आईकडून पण आणि वडिलांकडून पण आलेला असेल आणि वर माणूस सिगरेट ओढत असेल, तर अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आमवाताचा (म्हणजे ज्यात रक्तात अँटी-सीसीपी नावाची अँटिबॉडी सापडते त्याचा) धोका, यातलं काहीच नसलेल्या माणसाच्या २१ पट, असं स्वीडनच्या २००६ च्या अभ्यासात आलंय. आमच्याकडे मुलीच्या आईची बोटं बघतात, मुलगा किती सिगरेटी ओढतो हे कोणी विचारत नाही, याचा मला फार राग येतो.

घाबरून बहिणीने एका लॅबमधे 'संधिवाताची जीन टेस्ट' केली, चांगले पैसे मोजले. एचएलए-बी२७ निगेटिव्ह आलं आणि आमचा जीव भांड्यात पडला. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं की बी२७ बघतात ते मणक्याच्या आखडण्याच्या आजारासाठी, आमवाताशी याचा संबंध नाही. शिवाय पीटीपीएन२२ नावाच्या जीनमधला जो बदल युरोपातल्या लोकांत महत्त्वाचा ठरतो तो आपल्या लोकांत जवळजवळ सापडतच नाही, म्हणजे तिकडचं गणित इकडे लावून रिपोर्ट काढला तर तो काय कामाचा?

औषधाचंही तसंच. आईला मेथोट्रेक्सेट लागू पडली, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे ती (रोज घेतली तर जिवावर बेततं, हे कृपया ठळक छापा), तीन महिन्यांत मनगटाची सूज उतरली. मावशीला तीच गोळी, तेवढाच डोस, नुसत्या उलट्या, लिव्हरचे रिपोर्ट वाढलेले, शेवटी औषध बदलावं लागलं. सख्ख्या बहिणी दोघी! शरीरात औषध वापरलं कसं जातं ते ठरवणारे जीन्स माणसागणिक वेगळे असतात, एमटीएचएफआर वगैरेंवर पुष्कळ अभ्यास झालेत पण त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून कोणाला काय लागू पडेल हे आधीच सांगणारी जीन टेस्ट अजून डॉक्टरांच्या रोजच्या वापरात नाही, गोळी सुरू करून काही महिने बघतात आणि मग ठरवतात.

आईची बोटं वाकली ती जीन्समुळे कमी आणि उशिरामुळे जास्त. सकाळी तासभर मूठ वळायची नाही, आदोळीवर नारळ खवणता येईना, आणि आम्ही दोन वर्षं "घराण्यातलो वात, पावसाळी हवा" म्हणत तेल चोळत बसलो. तेव्हा कोणी अँटी-सीसीपी आणि आरए फॅक्टर या रक्ताच्या तपासण्या करायला सांगितलं असतं तर! वाकलेलं बोट गोळीने सरळ होत नाही.

आम्हाला दर तपासणीला घाट चढून कोल्हापूर गाठावं लागतं, आईला एसटीचा दांडा धरता येत नाही. महिन्यातून एक दिवस तरी संधिवाताचे तज्ज्ञ सिंधुदुर्गात ओपीडीला यावेत अशी मागणी आपल्या पेपरने लावून धरावी, एवढी विनंती.

आपली,
एक वाचक, कुडाळ