आईबाबा, सोमवारपासून माझ्याकडे रहायला या

प्रिय आई-बाबा,

फोनवर विषय काढला की बाबा "बरंय, बरंय" करून फोन आईच्या हातात देतात आणि आई रडायला लागते, म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव, बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतंय हे मला कळलंय, लपवू नका.

आधी बाबांच्या आजाराचं ते नाव. व्हेक्सास. गेल्या पावसाळ्यापासून आपण काय काय केलं बघा, ताप आला की डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, सगळ्या टेस्ट निगेटिव्ह, मग कान लालबुंद झाला तर कानाचं इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक, अंगावर चट्टे आले तर स्किनवाले, हिमोग्लोबिन आठवर आलं आणि लाल पेशी आकाराने मोठ्या दिसल्या तर बी-१२ ची इंजेक्शनं. एकेकाने आपापला तुकडा बघितला, त्यांनाही दोष देत नाही मी, कारण हा आजार वेगळा म्हणून ओळखला गेलाच २०२० मध्ये, अमेरिकेत, तेही आधी जीन्समधला बिघाड शोधून, आणि त्या पहिल्या रिपोर्टमध्ये सगळे मिळून २५ पुरुष होते. आपल्या डॉक्टरबाईंनी मात्र कान बघितला आणि विचारलं, वरचा कान सुजतो पण खालची पाळी नाही ना? पाळीत कार्टिलेज नसतं, म्हणून ती वाचते. मग कमरेच्या हाडातून मॅरो, म्हणजे रक्त बनवणारा आतला मगज, काढला (बाबा, तेव्हा तुम्ही जी शिवी दिलीत ती नर्सला कळली बरं का), त्यात पेशींमध्ये बुडबुड्यांसारख्या पोकळ्या दिसल्या आणि नंतर जीनची टेस्ट आली, यूबीए-वन नावाच्या जीनमध्ये बिघाड.

बाबा, आता तुम्ही आईला रात्री जे विचारलंत ते. नाही, हे चिनूला लागणार नाही. मलाही नाही, दादालाही नाही. हा बिघाड तुमच्या आईवडलांकडून आला नाही आणि तुमच्याकडून पुढे जात नाही. उतारवयात मॅरोतल्या एका पेशीत झाला आणि तिची पिल्लावळ वाढली, बस. तो जीन एक्स क्रोमोसोमवर आहे, पुरुषांना एकच एक्स, म्हणून बहुतेक पन्नाशी उलटलेल्या पुरुषांनाच होतो. तुमच्या तंबाखूचाही ह्यात हात आहे असं कुणी म्हणालेलं नाही, पण ती सोडा.

म्हणजे एकच बिघाड, आणि त्यातूनच रक्त कमी बनतं आणि त्याच पेशी अंगभर आग लावत फिरतात. म्हणून स्टिरॉइडने ताप, कान, चट्टे दबतात, पण मुळाला हात लागत नाही, डोस कमी केला की परत सगळं वर. आणि शुगर वाढली म्हणून गणपतीत तुम्ही गोळ्या एकदम बंद केल्यात, तसं पुन्हा करायचं नाही. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं विसरलेलं असतं, बीपी एकदम पडू शकतं. शुगरचं आपण बघू.

आता मुद्दा. अ‍ॅझासायटिडीन नावाचं औषध सुरू करायचं ठरलंय, पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन, २८ दिवसांत सात वेळा. परळच्या त्या डे-केअरला शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे सोमवार ते शुक्रवार आणि पुढचा सोमवार-मंगळवार. सुरुवातीला रक्त अजून खाली जाईल, एखादी बाटली चढवावी लागेल, घाबरू नका, फरक कळायला चार-सहा महिने लागतात. सगळ्यांनाच लागू पडतं असंही नाही, ते डॉक्टरबाईंनी मला स्पष्ट सांगितलंय. दुसऱ्याचा मॅरो घालणं हा पूर्ण बरं होण्याचा मार्ग आहे पण ६९व्या वर्षी त्यात धोका मोठा, तो विचार आत्ता नाही.

आणि बाबा, बदलापूरहून रोज लोकलने परळ, जंतूंशी लढणाऱ्या पेशी कमी असताना, त्या गर्दीत खोकणाऱ्या माणसांच्या काखेत उभं राहून? मी नाही येऊ देणार. लेकीच्या घरी नऊ-नऊ दिवस कसं रहायचं हे कारण सांगू नका. जावयानेच हॉलमधला दिवाण खिडकीकडे सरकवलाय आणि त्याला वाटतंय ही त्याचीच आयडिया. दादाकडे गेला असतात ना, तो दादरला असता तर? मग माझ्याकडे का नाही? हे मला लागलंय, सांगून टाकते.

आई, गुळवेलीचा काढा पूर्णपणे बंद. मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेऊन लिव्हर बिघडलेल्या पेशंटांवर लिहिलंय, आणि बाबांची इम्युनिटी वाढवायचीच नाहीये, ती आधीच पिसाळलीय. ताप १००.४ च्या वर गेला की रात्रीचे दोन वाजलेले असले तरी फोन, सकाळची वाट नको.

रविवारी चारला गाडी घेऊन येतोय आम्ही. निळी फाईल, मॅरोचा रिपोर्ट, बाबांची मऊ उशी (ह्या कुशीवर कान दुखतो ना), आणि आई, तुझं भाजणीचं पीठ आण, चिनूने सांगितलंय.

तुमची
माई