शेवट ज्याचा त्याला पाहू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी अकरावीतल्या भाच्याला घेऊन बालगंधर्वला नाटक पाहिलं. अँथनी शॅफरच्या ‘स्लूथ’ या इंग्रजी रहस्यनाटकावर बेतलेला, एका हौशी संस्थेचा प्रयोग. एक नावाजलेला रहस्यकथालेखक आणि त्याच्या बायकोचा प्रियकर. लेखक त्याला घरी बोलावतो आणि स्वतःच्याच घरातले दागिने चोरायची योजना त्याच्या गळी उतरवतो. दागिने तुला, विम्याचे पैसे मला. पुढचं मी लिहिणार नाही. पत्र त्यासाठीच आहे.

पहिल्या अंकात भाचा खुर्चीच्या अगदी कडेवर आला होता. हातातल्या तिकिटाची सुरळी करून करून त्याने तिचा पार भुगा केला. मध्यंतरात वड्याच्या रांगेत म्हणाला, “मावशी, यातलं खोटं नक्की कोण बोलतंय गं?” त्याचे तर्क चालू होते, तेवढ्यात मागच्या गृहस्थांनी दहा जणांना ऐकू जाईल अशा आवाजात पत्नीला दुसऱ्या अंकातली सगळी गोम सांगून टाकली. “मी सिनेमा पाहिलाय ना!” भाच्याने माझ्याकडे पाहिलं आणि वडा तसाच कागदात गुंडाळला. दुसरा अंक तो पाठ टेकून बसून होता.

मला त्या गृहस्थांचा राग आला, अजूनही आहे. असल्या नाटकात डाव फक्त दोन पात्रांत नसतो, प्रेक्षकाशीही चालू असतो. आपण पुढची चाल हेरतो, ती साफ चुकते आणि तेव्हा अंगावर काटा येतो. मी स्वतः रहस्यनाटकं दोनदा पाहते. दुसऱ्या खेपेला थाप मारताना नट नजर कुठे वळवतो ते टिपता येतं. पण पहिली खेप त्या मुलाची होती, ती त्याला मिळायला हवी होती.

लंडनला अगाथा ख्रिस्तींचं ‘माऊसट्रॅप’ १९५२ साली सुरू झालं. प्रयोग संपला की खुनी कोण ते बाहेर सांगू नका, अशी विनंती प्रेक्षकांना केली जाते. ‘स्लूथ’ १९७० मध्ये ज्या सेंट मार्टिन्स नाट्यगृहात आलं, तिथेच १९७४ मध्ये ‘माऊसट्रॅप’ गेलं आणि अजून चालू आहे. आपल्याकडे तिसऱ्या घंटेच्या सुमारास मोबाइल बंद ठेवायला सांगतातच. रहस्यनाटक असेल तर त्यात एवढं एक वाक्य घाला: शेवट ठाऊक असेल त्यांनी तो मध्यंतरात सांगू नये. आणि परीक्षण लिहिणाऱ्यांनीही कथानक सांगताना पहिल्या अंकापाशी थांबावं.

पुढच्या महिन्यात भाच्याला पुन्हा एका रहस्यनाटकाला नेणार आहे. मध्यंतरात आम्ही खुर्चीवरून उठणार नाही.

आपली,
एक नाट्यप्रेमी वाचक, कोथरूड, पुणे