आगोटीच्या आधी रहाट परत लावूया

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बघू गं" म्हणतात आणि आई लगेच फोन घेऊन जेवलीस का विचारते, म्हणून लिहूनच पाठवतेय, दोघांनी बसून नीट वाचा.

मे अर्धा सरला, आगोट तोंडावर आलीय, पाऊस आता सुरू होईलच. आई, तुझं चालूच असेल, तांदूळ, कुळीथ, आमसुलं, सुकट-बोंबील सगळं डब्यात बंद, त्या बेगमीत मी काही सांगावं असं काहीच नाही. मला बोलायचंय ते पाण्याबद्दल.

३ जून २०२०, निसर्ग वादळ. दुपारी आईचा फोन आला, "वारा खूप आहे गं, कौलं उडतायत", आणि कट. मग चार दिवस काहीच नाही. मी इकडे ठाण्यात, लॉकडाऊन, निघता येईना, टीव्हीवर श्रीवर्धन-दिवेआगरच्या आडव्या झालेल्या सुपारीच्या बागा दाखवत होते आणि मी त्यात आपलं घर शोधत होते. पाचव्या दिवशी शेजारच्या दादाने घाटात जाऊन रेंज मिळवली आणि एवढंच सांगितलं, दोघं बरी आहेत. ते चार दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो.

नंतर पास काढून आले तेव्हा बाबांचे तळवे बघितले. दोरीचे लाल वळ, दोन ठिकाणी कातडं सोललेलं. विहिरीत पाणी होतं पण लाइट नाही म्हणून पंप बंद, आणि तुम्ही कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी बादलीला बांधून कठड्यावर वाकून पाणी शेंदत होतात, ६८ व्या वर्षी, तेही रोज. रहाट नव्हता ना. तो काढायला आम्हीच लावला, मी आणि आपल्या दादाने, पंप बसवला तेव्हा, आता कशाला ही अडगळ म्हणून. खालच्या आळीत एका घरी रहाट राहिला होता तर अर्धी वाडी तिकडे कळशा घेऊन उभी. बाबा, चूक आमची होती आणि ती मला याच महिन्यात दुरुस्त करायचीय.

इन्व्हर्टर आहे ना, असं तुम्ही म्हणाल. पण इन्व्हर्टर म्हणजे लाइट परत येईपर्यंतची सोय, चार-सहा तासांची, आणि त्याच्यावर आपला पंप चालत नाही. तेव्हा खांबच आडवे झाले होते, कितीतरी गावं कित्येक आठवडे अंधारात होती. म्हणून पाणी, चूल, उजेड आणि औषध, या चार गोष्टी तरी विजेशिवाय भागल्या पाहिजेत. चुलीचं ठीक आहे, मांगरात लाकडं आहेत, फक्त यंदा पावसाच्या आत वरच्या माळ्यावर चढवून घ्या आणि भरलेला दुसरा सिलेंडर घरात असू दे. विहिरीचं पाणी वादळानंतर उकळूनच प्यायचं, कितीही स्वच्छ दिसलं तरी.

बाबांच्या इन्सुलिनचं मी डॉक्टरांना विचारून घेतलंय. चालू बाटली फ्रिजबाहेर साधारण चार आठवडे राहते, पण ऊन आणि उकाडा लागता कामा नये. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं बसवायचं, त्यात झाकणाच्या डबीत बाटल्या, वरून ओला फडका, आणि वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची. मडकी देवघराच्या कोपऱ्यात ठेवा, तिथे ऊन येत नाही. आई, हे एकदा आत्ताच करून बघ, वादळात पहिल्यांदा नको. एक महिन्याची औषधं जास्तीची मी घेऊन येते.

कागदांचंही बघायचंय. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणला आत्याच्या घरात शिरलं तेव्हा सातबारा, रेशनकार्ड, पासबुकं, सगळ्याचा लगदा झाला, नंतर वर्षभर ती हेलपाटे घालत होती. आपले कागद लोखंडी कपाटातून काढून जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या डब्यात ठेवा, उचलून नेता येईल असा डबा. त्यातच टॉर्च, सेल, थोडी सुट्टी रोकड, आणि आमचे नंबर कागदावर लिहून, मोबाईल बंद पडला की नंबर कुणाला पाठ नसतात.

आणि एक, याबद्दल मी ऐकणार नाही. वादळाचा इशारा आला तर कौलाखाली थांबायचं नाही, आदल्या दिवशीच शेजारच्या दादाच्या स्लॅबच्या घरात जायचं. त्याच्याशी मी बोललेय, तो म्हणाला विचारायचं काय त्यात.

रहाटाचं चाक मागच्या पडवीत असेल, बाबा, तेल घालून फिरवून बघा, फुटलं असेल तर सुताराला सांगते. खांब नवीन लागतील. दोर मी इथून आणणार, म्हणून दोरीला दगड बांधून विहीर तळापर्यंत मोजा आणि किती हात भरली ते कळवा. २४ तारखेला रात्रीच्या एसटीने निघतेय, दोन दिवस राहीन, पहिली कळशी मी ओढणार.

तुमची,
ताई