शिक्षकांच्या संगणक कक्षासाठी आवाहन

सर्व सभासद, हितचिंतक व शिक्षक बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाची शिक्षक अभ्यासिका आणि तिथला संगणक कक्ष आपणांस नव्याने सांगायला नको. ऑगस्ट २०१९ च्या कोल्हापूरच्या महापुरात खालच्या खोलीत छातीएवढे पाणी चढले आणि चारही संगणक चिखलात गेले. त्या वेळी शाहूपुरीतल्या आपल्या वह्यांच्या व्यापाऱ्यांनी स्वतःचा माल भिजलेला असताना दोन संगणक घेऊन दिले. आपल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई पेन्शनच्या फरकाची रक्कम पाकिटात घालून आल्या आणि "पावतीवर माझं नाव नको, शाळेचं घाला" म्हणाल्या. त्यातून घेतलेला प्रिंटर आजही चालतो. उद्यमनगरातल्या सभासदांनी लोखंडी टेबले करून दिली, मजुरी घेतली नाही. पुन्हा पाणी आले तर उचलता यावीत म्हणून पाय घडीचे केले. जुलै २०२१ ला तीच टेबले संगणकांसह तासाभरात माडीवर गेली. या मंडळींचे उपकार फिटणारे नाहीत.

कक्षाची गरज आता वाढली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण घ्यावे असे म्हटले आहे. 'निष्ठा' या सरकारी शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचे कोर्स 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक अ‍ॅप-संकेतस्थळावर ऑनलाइन असतात. एकट्या पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानाचेच १२ झाले. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडच्या वाड्यांवर रेंजसाठी शिक्षक टेकावर जाऊन उभे राहतात.

गेल्या पावसाळ्यात गगनबावड्याहून एक मॅडम एसटीने आल्या. सगळे व्हिडिओ पाहिले, प्रश्नावली सोडवली, तरी कोर्स ९६ टक्क्यांवर अडकलेला. कक्षातल्या मुलाने शोधले, तर एक पीडीएफ शेवटच्या पानापर्यंत उघडलीच नव्हती. पाच मिनिटांत काम झाले. मॅडम मात्र उठल्या नाहीत. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड एकेक स्कॅन करून भागाकाराचे व्हिडिओ त्यांनी फोनमध्ये उतरवून घेतले, शाळेत रेंज नसली तरी मुलांना दाखवता यावेत म्हणून. शेवटची गाडी सुटायला दहा मिनिटे उरली तेव्हा निघाल्या.

मागच्या वर्षीही आवाहन केले होते. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सभासद पुढे आले. मिरवणुकीच्या वर्गणीला आपले कोल्हापूर कधी मागे राहत नाही, म्हणून जास्त वाईट वाटले. मनात होते ते लिहिले, राग नसावा. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्यांच्या गावात शिक्षकांच्या शिकण्याला पैसा कमी पडावा, हे मनाला पटत नाही.

तातडीने हवे: दोन लॅपटॉप (जुने चालतील, पण चालू स्थितीत, किमान ४ जीबी रॅमचे), इन्व्हर्टरची बॅटरी (सध्याची दहा मिनिटांत मान टाकते), सहा हेडफोन, इंटरनेटचे वर्षाचे बिल. रोख वा मंडळाच्या नावे चेक, पावती लगेच. देणगीवर आयकरात मिळणारी ८० जीची सवलत आपल्याकडे नाही. पैसे जमत नसतील तर आठवड्यातून एक संध्याकाळ कक्षात बसून शिक्षकांना मदत करणारे तरुणही हवेत. शाळा सुरू होण्यापूर्वी, १० जूनपर्यंत अभ्यासिकेत संपर्क साधावा. वेळ सायंकाळी ५ ते ८, सोमवार बंद.

आपला नम्र,
सचिव