जुन्या लिंक मारू नका

संपादक महोदय,
वेबसाइट नवी केली की पत्ते सुटसुटीत करतात, चांगलंच आहे, 'इंडेक्स डॉट पीएचपी, प्रश्नचिन्ह, आयडी इक्वल टू ४८२' असलं कोण लक्षात ठेवणार, पण जुना पत्ता तसाच सोडून देतात आणि मी वहीत लिहून ठेवलेली लिंक उघडली की ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'! फार वाईट वाटतं हो. वेबसाइट चालवणाऱ्या अपाची सर्व्हरला मॉड रीराइट हे पत्ते बदलून देणारं मॉड्यूल १९९६ पासून आहे, एचटीअ‍ॅक्सेस या सेटिंगच्या फाइलमध्ये नियम लिहून ३०१ रिडायरेक्ट दिला की जुन्या पत्त्यावरचा माणूस आपोआप नव्या पानावर जातो, सर्च इंजिनलाही पान कायमचं हललंय हे कळतं. फक्त सगळे जुने पत्ते होमपेजवर ढकलू नका, ज्याचं त्याचं पान द्या.
– एक वाचक